कालवड

मोहटोल्याच्या पाटीपाशी, राइस मिलच्या मागं
केवळराम घोडमारेचं टिनाचं शेड.
आडनावावरून पोट्टे हसायचे.
तो म्हणायचा, घोडे मारले असतील कोणी आजा-पणजानं,
आमच्या दारात तं बैलच आले, तेबी लोकायचे.

त्याचा बाप दसरू
शंकरपटाच्या रेंग्या बांधायचा.
तिवसाचा आस, बांबूची साटी,
एका माणसानं खांद्यावर घेऊन निघावं एवढी हलकी.
पौषात जोड्या सुटल्या की लोक बैल पाहायचे,
दसरू डोळे मिटून चाकं ऐकायचा.

मग पट बंद झाले. कोर्टाचा कागद आला म्हणे.
दसरूनं वाकस आढ्याला खोचली
अन् बोलणंही तिथंच कुठंतरी.

केवळराम तेव्हा चाकणला.
आठ वर्षं, एकच नट:
मागच्या चाकाचा, उजव्या अंगाचा.
पाळीला चारशे गाड्या समोरून सरकायच्या,
एकीवरही तो बसला नाही.
ठेका संपल्यावर परत आला
तो एक पाना आणि कंबरदुखी घेऊन.
झोपेतसुद्धा मनगट उजवीकडं वळायचं,
असं त्याची बायको सांगायची, हसत नव्हती.

पंपाचं इंजिन, भंगारातल्या मोपेडचे चिमटे,
एसटीच्या फाटक्या सीटचं रेक्झिन.
उंची माझ्या गुडघ्याच्या जराशी वर,
पण रुबाब असा की आता उधळते.
नाव कालवड. किंमत बावीस हजार.
रस्त्यावर न्यायची नाही, नंबर नाही तिला,
नुसती पळवायची.
"नुसती पळवाले बावीस हजार?" माझी आई.
"मंग पटाचे बैल का नांगराले जुंपत होते, काकू?"

मी नववीत. वजन अडतीस किलो.
म्हणून चालवायला मी.
"बस वो पोट्टे. भेव नको."

धान निघालेल्या बांधीत मूठ पिळली
अन् कालवडीनं पुढचं चाक आभाळाला लावलं.
मी खाली. कोपर धसकटात.
(खूण अजून आहे. बँकेत कोणाला पेन देताना
बाही सरकते, तेव्हा दिसते.)
तीनदा तसंच.

चौथ्यांदा उठले तर धुऱ्यावर दसरू.
काही न बोलता त्यानं पहार आडवी धरायला लावली,
कालवड तिच्यावर ठेवली, मधोमध,
अन् हात सोडले.
ती हळूच मागं कलली.

"उलाळ हाय," दसरू म्हणाला.
सहा वर्षांनी.
"धुरजड झाली तं बैलाची मान जाते,
उलाळ झाली तं माणूस जाते."
इंजिनापुढं आपली चार बोटं टेकवली:
"एवढी सरकव."

त्या संध्याकाळी मी बांधीला किती फेरे मारले
ते पेट्रोल संपेपर्यंत कळलं नाही.

अकरा विकल्या गेल्या.
पट पुन्हा सुरू झाले, तेव्हा समितीनं
जेवणाच्या सुट्टीत कालवडींना अर्धा तास दिला,
बैल बिचकतात म्हणून सायलेन्सरला पोतं बांधून.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरचे दोघं आले,
पन्नास बनवायच्या म्हणाले, नकाशा पाहिजे.
केवळरामनं वही दिली. सगळी मापं मिलिमीटरात,
चाकणच्या शिस्तीत, खाली रेघ मारून.
एका जागी फक्त: *चार बोटं पुढं.*

"कोणाची बोटं?" त्यांनी विचारलं.

केवळरामनं बाजेकडं पाहिलं.
"थांबा थोडं. च्या घ्या.
बाबा आत्ताच झोपले."