पाटीवर अडतीस

रस्ता संपतो तिथे आमची पाटी:
स्पिंडल बे, लोकसंख्या ३८.
तीन ड्युगल्डच्या हातचा जुना,
वाऱ्याला पाठ देऊन उभा असल्यासारखा.
आठ नवा आहे. मागच्या वसंतापर्यंत तिथे नऊ होता.
आर्ची लोवाट गेला त्या आठवड्यात
ड्युगल्डनं गॅरेजमधून पांढऱ्या रंगाचा डबा काढला,
झाकण निघेना, ते स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं,
आणि रंगवून होईस्तोवर अवाक्षर काढलं नाही.

उन्हाळकरी लोकांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या फळीवर
एकशे बारा खिळे.
नळ बघायचे, उंदीर बघायचे,
वादळ झालं की पत्रे मोजायचे.
एका किल्लीला निळसर शिंपल्याचा तुकडा,
एकीला पोराच्या बुटाची नाडी,
एकीला काहीच नाही, ते लोक सहा वर्षांत फिरकलेले नाहीत.

डिसेंबरात नाताळच्या आधी भिंत उघडी पडते.
मोटारींमागून बोटी येतात, बोटींत गाद्या, गाद्यांवर कुत्रे.
जानेवारीत आम्ही नऊशे.
नायरीच्या दुकानातला पाव साडेआठला संपतो,
मैलाटाक्या बोलायला लागतात,
पावसाच्या पाण्याची टाकी थाप मारून ऐकावी लागते, भरीव की पोकळ.
नाकाला पांढरं मलम फासलेली पोरं
धक्क्यावरून धडाधड उड्या मारतात,
आणि त्यांचे आजोबा मला ऐकवतात, "हे आमचं गाव."
मी मान डोलावते.
सतरा दिवस कुणाचंही असावं गाव, काय बिघडतं.

मग किल्ल्या परत येतात,
हाताची ऊब अजून धातूत असते.

शिरगणतीची रात्र मार्चातली, मंगळवारची.
नियम सोपा: त्या रात्री जो जिथे निजेल, तो तिथला.
तुरोआ कॉडच्या बोटीवर होता.
त्याची आई म्हणाली, त्याला पाण्यात मोजा,
नाहीतरी निम्मं आयुष्य तिथेच आहे त्याचं.
मी टॉर्च घेऊन दारोदार कागद वाटत होते,
तेव्हा सत्तावीस नंबरच्या धुराड्यातून धूर दिसला.
घरी सत्तावीसचा खिळा रिकामा होता,
हे तिथे उभी असताना आठवलं.

लोर्ना प्रिडोनं दार उघडलं.
अंगात पुरुषी स्वेटर, कोपरं विरलेली.
शेगडीजवळ एकच खुर्ची ओढलेली होती, बाकीच्या अजून चादरीखाली.
तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं,
'नेहमीचा पत्ता' पाशी पेन थांबलं.
"तिकडे आता दुसरी राहते," म्हणाली,
आणि मग, जणू भरतीची वेळ विचारावी तसं,
"इथे किती रात्री निजलं की माणूस इथलं होतं?"

मला काय ठाऊक.
लग्न होऊन आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली,
अजून धक्क्यावरचे म्हातारे मला 'ती गोरची' म्हणतात.
जागा कोरी ठेव म्हटलं. कागद घडी करून घेतला.

ड्युगल्डला सांगितलं तर तो जाळ्याची गाठ न सोडता म्हणाला,
"हिवाळा काढू दे तिला.
जुलैत नळ गोठतात, समुद्रसिंह दाराशी आडवे होतात,
बाहेर जायला त्यांची परवानगी लागते.
मग बघू."

आता मे. दक्षिणेचा वारा सुरू झालाय.
सत्तावीसच्या खिडकीत चादरी वाळत असतात, खुर्च्यांवरच्या.
दुसरी खुर्ची उघडली असेल, की सगळ्याच, मी विचारलं नाही.
खिळा तसाच आहे, मी त्याच्यावर दुसरं काही टांगत नाही.

काल ड्युगल्डच्या गॅरेजवरून आले.
उंबऱ्यात तो डबा, झाकण बाजूला,
आत ब्रश उभा,
आणि पांढऱ्या रंगावर
दुधावर धरते तशी साय.