पावलापुढचे तीन हात

तात्रा केवढा?
पोप्रादच्या फलाटावर उभे राहा,
डावीकडून उजवीकडे मान वळवा,
झाला.
आल्प्सकडून आलेले लोक हसतात. हसोत बापडे.
एवढ्याशा जागेत आमचा ग्रॅनाइट
इतका दाटीवाटीनं राहतो
की आडवं व्हायची सोयच नाही त्याला.

दक्षिण भिंत: दोराच्या नऊ लांब्या,
पाचवीला ओली भेग,
गंजलेल्या खिळ्यावर भरवसा नको.
पूर्वेची धार सोपी,
पण दोनच्या आत उतरा;
ढग पोलंडकडून येतो, विचारून येत नाही.
हे मला पाठ आहे, निव्वळ ऐकून.
वरच्या दगडी खोपीत, बोहुमिलाच्या टेबलाशी
कोबीचं सूप निवत ठेवून
पोरं हातांनी हवेत चढत असतात.

मी नोसिच. हमाल म्हणा.
पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर
पीठ, बटाटे, बिअरचं पिंप, गॅसची टाकी,
एकदा तर अख्खं शिवणयंत्र,
ज्याची सुई खालीच राहिली, ते वेगळं.
ओझं डोक्याच्या वर हात-दीड हात.
मान उचलणं जमत नाही.
बत्तीस वर्षं मी डोंगर पाहिला
तो पावलापुढच्या तीन हातांत:
खुज्या पाइनची मुळं,
साखळीची कडी, सप्टेंबरात बोटांना डसणारी,
आणि तळ्याच्या वळणावरचा तो डुगडुगता दगड.
तो मला ओळखतो.
डावीकडे मार्मोट शिटी घालतो,
म्हणजे अर्धी वाट सरली.

परवा एका मुलीनं अडवलं.
जेल्मिरा नाव. गुडघा फुटलेला, खिशात जर्दाळू.
"काका, ही कुठली भिंत?"

पट्टे सोडले. चौकट खडकाला टेकवली.
वर पाहिलं.

नाव लगेच आठवेना,
पण भिंत ओळखीची निघाली.
ही बघ ती भेग,
इथं क्वेतोस्लावचा उजवा हात
टेबलावरच्या हवेत थांबायचा,
बोटं मुडपायची,
आणि बोहुमिला पावाची टोपली बाजूला सरकवायची,
त्याला चढायला जागा हवी म्हणून.
तो कंगोरा, तिथं तो श्वास घ्यायचा.
त्याच्या वर मात्र त्यानं
कधीच काही दाखवलं नाही.

मुलीनं अर्धा जर्दाळू मला दिला.
मी पाहतच राहिलो असतो,
पण पोलंडकडून ढग आला
आणि चौकटीवर पीठ होतं.