जमिनीच्या पातळीला पेला

पेल्याची कड मातीच्या बरोबर यायला हवी.
केसभर जरी वर राहिली
तर मुंगी वळसा घालून निघून जाते
आणि कागदावर उतरतं : इथे मुंग्या नाहीत.
वागिरानने हे एकदाच सांगितलं,
गुडघे चिखलात रोवून,
ओठात विझलेली लवंगी सिगारेट.

चौदा नंबरच्या तुकड्यातले तेलताड माझ्याच वर्षीचे.
सत्ताविसाव्या वर्षी पिवळं यंत्र आलं,
खोडं आडवी केली, काकडीसारख्या चकत्या केल्या.
कांपार नदीच्या घाटापर्यंत
आठवडाभर आंबूस वास.

पहिल्या महिन्यात पेल्यांत साबणाचं पाणीच निघालं.
एक कोळी, तोही वाट चुकलेला.
उंचावर, नेच्यांच्या झुबक्यांत जी वस्ती होती,
मुंग्या, झुरळं, पिल्लं पाठीवर घेतलेल्या विंचवीण्या,
ती कुठे गेली
ह्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

मग कुजणं सुरू झालं
आणि कुजण्याच्या मागोमाग गर्दी.
चकत्यांच्या भुशात गेंडाभुंग्याच्या अळ्या,
अंगठ्याएवढ्या, दुधी.
कंपनी डबाभर अळ्यांचे पैसे देते, पोरं शाळेआधी येतात.
रोपांमधून वेल धावत सुटली,
खाजकुहिलीचीच बहीण,
पण इथल्या उष्म्यात तिला शेंग धरत नाही,
नुसती पानं, नुसती सावली,
आणि सावलीखाली
अठ्ठावीस, त्रेचाळीस, नव्वद,
मोजता मोजता माझी पेन्सिल बोथट.

तिसऱ्या वर्षी बुटक्या ताडाला नर फुलोरा आला.
बडीशेपेचा वास. त्यावर सोंडे,
तपकिरी, तिळाएवढे, एकमेकांवर चढलेले.

आईच्या तरुणपणी हे इथे नव्हते.
चाळीस बाया होत्या.
काट्यांत कोपरापर्यंत हात घालायच्या,
परागाची पूड पावडरीत कालवून
रबरी फुग्याने मादी फुलांवर फुसफुस उडवायच्या,
शिंकत, शिव्या देत.
मग आफ्रिकेहून खोक्यांतून सोंडे आले
आणि मुकादम म्हणाला, सोमवारपासून येऊ नका.

म्हणून एक सोंडा बाटलीत घालून घरी नेला.
आईने चष्मा पुसला.
दिव्याखाली बाटली इकडून तिकडे फिरवली.
तिच्या मनगटावर अजून पांढरे व्रण आहेत,
काट्यांचे, ओळीने.

"हा?" ती म्हणाली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "ह्याला दिवसाचे किती देतात?"

मी हसले. ती हसली नाही.
बाटलीचं बूच काढून तिने ती खिडकीत आडवी ठेवली
आणि भात बघायला आत गेली.

त्या दिवशीच्या नोंदीत एकशे बारा.
खरं तर एकशे तेरा.