पेवात उतरण्याआधी

हरिपूरच्या मगदूम अण्णांनी सांगितलेलं,
पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
माती खरवडायची, फरशी सरकवायची
आणि बाजूला बसून तंबाखू मळायची.
आत कोंडलेली हवा असते, तिला जाऊ द्यायचं.
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा खाली.
ज्योत टिकली तर माणूस.

त्यांच्या हळदीच्या पेढीची वेबसाइट
माझ्याकडं आली तेव्हा डेटाबेसमध्ये
एकशे त्र्याण्णव टेबलं.
मधल्या काळात प्लगिन्सचं पेव फुटलेलं:
चॅटचं, स्लायडरचं, दिवाळीच्या सवलतीचं,
एक तर लग्नाच्या नोंदणीचं, ते का, कुणालाच ठाऊक नाही.
प्लगिन्स केव्हाच काढलेली. टेबलं तशीच,
रिकाम्या पोत्यांसारखी, शिक्का मात्र पेढीचा.

मार्केट यार्डामागं, गाळ्यावरच्या खोलीत
रात्री साडेअकराला बॅकअप घेतला
आणि दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला.
न उघडलेला बॅकअप म्हणजे ओलं हळकुंड,
वरून पिवळंच, मोडल्यावर कळतं.

मग एकेक नाव वाचत गेले.
हे कुणाचं? यात शेवटचं कधी लिहिलं गेलं?
पुसलं काहीच नाही. नुसती नावं बदलली,
शेपटाला 'जुनं' जोडलं
आणि आठ दिवस हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी फोन. कवठेमहांकाळहून
शारदा बंडगर:
"ताई, भावाचा तक्ता कोरा दिसतोय.
राजापुरी किती गेली आज?"

कंदील विझला होता.
एका मेलेल्या प्लगिनच्या टेबलातून
वाणांची नावं अजून उचलली जात होती.
लिहीत कुणी नव्हतं त्यात,
वाचत होतं.
मी फक्त लिहिणाऱ्यांचा माग काढलेला.

नाव होतं तसं केलं.
"आलं, आलं," म्हणाल्या बाई,
आणि आकडा वाचून गप्प झाल्या.

बाकीची नवव्या दिवशी काढली.
ड्रॉप लिहिताना बोट थांबतं,
या हुकमाला 'नक्की का?' विचारायची सवय नाही.
लग्नाच्या नोंदणीत एकच ओळ होती, चाचणीची:
नाव अबक, येणारी माणसं दोन.
तीही गेली.

अण्णांनी बिल उलटसुलट करून बघितलं.
"साइट तर होती तशीच दिसतेय."
म्हटलं, "तशीच दिसायला हवी होती."
ते हसले नाहीत. नोटा मोजत विचारलं,
"कवठ्याच्या त्या बाईला
दिसतोय न्हवं भाव?"