पाळी

अण्णा दीपनगरला वीज बनवायचे
आणि भुसावळात, जामनेर रोडला, आमच्या घरी
ती रोज अडीचला जायची.
म्हणून सव्वादोनला वही काढायची,
दुधाच्या हिशेबाची, मागून उलटी,
आणि पडद्यावरचा परवलीचा शब्द उतरवायचा.
शब्द कसला, बावन्न अक्षरं,
ए, झेड, सात, क्यू, कशाला काही अर्थ नाही,
एक चुकलं की चौघंही परत पहिल्या गावात,
हातात काठी, अंगावर बनियन.

कॅसेट खेमचंदची. बाजारात
केळीच्या घडांशेजारी ताडपत्रीवर मिळालेली.
वर चित्र मोटारसायकलचं, आत निघाले
चार ठेंगू, एक नकाशा,
आणि जपानीतून मोडक्या इंग्रजीत आलेली लांबच लांब गोष्ट.
"यात मारामारी कुठाय? रेशनची रांग आहे नुसती,"
म्हणाला, आणि क्रिकेटला गेला.

मला तेच आवडलं.
आधी तू मार, मग तो मारेल.
खेमू त्याला टर्न म्हणायचा, मी पाळी म्हणायचे,
आणि आई आतून दटावायची,
हळू बोल, बाप्ये आहेत घरात.

महिन्यातले चार दिवस
मागच्या खोलीत माझी गोधडी, माझं ताट, माझा तांब्या.
लोणच्याला हात लावायचा नाही, देवाला नाही.
जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्याच खोलीत टाकलाय
हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.
एका पाळीत मी अख्खा समुद्र ओलांडला.
विष आणि औषध, दोन्ही बाटल्या करड्याच दिसायच्या,
चाखल्याशिवाय कळायचं नाही.

नावाला चारच अक्षरं.
बरं करणारीला शेजारच्या नर्सबाईंचं नाव दिलं,
पुष्पा, तर शेवटचा ए बाहेर राहिला.
पुष्प मागच्या रांगेत उभी राहायची आणि मरायची नाही.

पुलाअलीकडच्या गवतात गोल गोल फिरायचे.
दहा पावलं, पडदा थरथरे, गोगलगाय येई,
दोन नाणी देऊन मरे.
आई डोकावायची. "मेला का व तुहा राक्षस?"
नाही, म्हणे मी, अजून माझेच लहान आहेत, पोसतेय.
"मंग पोस. भरीत दारात ठेवलं."

धर्मशाळेत आठ नाणी द्यायची. रात्र पडे, चार सूर वाजत,
सकाळी सगळ्यांचे घाव भरलेले.
अण्णा रात्रपाळीहून येऊन दुपारभर झोपायचे
आणि उठायचे तसेच.

अमृताच्या सात बाटल्या होत्या. एकही फोडली नाही,
पुढे मोठा प्रसंग येईल म्हणून.
आईचीही बारा ताटं तशीच, प्लास्टिकसकट.

मग ते दार आलं. आत तो.
सहा हात, मुकुट, एका पाळीत आभाळ फाडणारा.
पण माझी पाळी आली की थांबायचा.
पाणी पिऊन आले, थांबला.
वेणी घातली, थांबला.
वेणी घातली कारण फैजपूरची माणसं यायची होती.
चारला चहा झाला, साडेपाचला सुपारी फुटली,
मधल्या दीड तासात मला कुणी विचारलं का,
खरंच आठवत नाही.
वीज त्या दिवशी दोनलाच गेली होती.
वहीत शब्द राहिला तो आदल्या दिवशीचा, दाराबाहेरचा.

परवा आईनं रद्दीतून वही काढून दिली.
मुलानं फोनवर तोच खेळ लावला, रंगीत.
पुष्पचा झगा हिरवा आहे.
एवढी वर्षं मी तो पांढरा धरून चालले होते.

बावन्नातली एकावन्न अक्षरं स्वच्छ.
तेविसाव्यावर ताक सांडलंय: ओ, नाहीतर शून्य.
ओ टाकला. नाही म्हणाला.

"आता शून्य टाक ना," मुलगा म्हणतो, "दुसरं काय असणार?"
थांब, म्हटलं.
विचार करतेय.