उतरत्या गोळ्या

बारावं पाकीट संपलं तेव्हा सिस्टरनं कार्डावर शेवटची सही केली,
म्हणाली, झालं हो मालनबाई, सुटलात.
खासबागेतून परतताना मी पावशेर कुंदा घेतला,
मागाच्या खोलीत सगळ्यांच्या हातावर ठेवला.
कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

अडीच महिन्यांनी गालावरचा तोच डाग
उठून बसला.
आधी फिकट होता, सपाट, झोपल्यासारखा.
आता लाल, कढत, कडेनं फुगलेला,
भाकरीचा पापुद्रा तव्यावर सुटतो तसा.
आणि कोपराच्या आतल्या अंगाला एक दोरी,
टणक, जादा सूत भरलेल्या कांडीसारखी.
चुकून धक्का लागला की करंगळीपर्यंत वीज.
तीन रात्री हात छातीशी धरून बसले,
दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.

रंगव्वा म्हणाली, परत आलंय काय गं तुझं ते?
त्या दुपारी तिच्या डब्याचं झाकण
माझ्या बाजूला उघडलं नाही.

डॉक्टर होसूरकरांनी कोपर चाचपलं.
ब्यानी आगतैतेनु?
मग मराठीतून, दुखतंय का?
मी दोन्ही भाषांत हो म्हटलं.
डोळे मिटा, म्हणाले, पेनाचं टोक टेकवतो,
शिवलं की सांगा.
मी सांगत गेले. शिवलं. शिवलं. शिवलं.
मग बराच वेळ कुणी शिवलंच नाही.
डोळे उघडले
तर पेन करंगळीवरच होतं.

रोग गेलाय तुमचा, ते म्हणाले, जंतू मेलेत.
मढी तेवढी आत पडलीत,
आणि तुमचं अंग त्यांच्याशी भांडतंय.
मला सासरे आठवले.
चुलतसासरे जाऊन नऊ वर्षं झाली तरी
बांधावर उभे राहून त्यांना शिव्या घालायचे,
आणि त्या तावात तुडवला जायचा
तो आमचाच ऊस.

आठ गोळ्या. सकाळी, पोटात काही घालून.
पंधरवड्यानं सात. मग सहा.
बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत,
अंधारात जिना उतरताना
शेवटच्या चार पायऱ्या कुणी उडी मारतं का?
मीठ कमी. कुंदा बंद.
फर्नांडिसनं पाण्याच्या पाइपचा तुकडा तापवून
माझ्या कोपराच्या मापाचा वाकवला,
आत जुन्या साडीची घडी घातली.
रात्री तो बांधून झोपायचं.
नवरा म्हणाला, नळ जोडलाय की तुला.
फार दिवसांनी हसलो दोघं.

गोळ्यांची भूक वेगळीच. रात्री दोनला उठून
शिळी भाकरी, नुसती, उभ्यानं.
तोंड गोल होत गेलं.
येळ्ळूरच्या लग्नात सगळ्या म्हणाल्या,
अंग धरलंस गं मालन, सुख मानवलं.
फोटोवाल्यानं मला पुढच्या रांगेत ओढलं.
मी कायम खांबाआड उभी राहणारी,
डाग भिंतीकडं करून.
तो फोटो घरात आहे. त्यातली बाई माझी कोण,
अजून ठरत नाही.

सात. सहा. पाच.
डाग परत आडवा झाला, सुरकुतला, सालं सुटली.
चार गोळ्यांच्या पंधरवड्यात
कांडी भरताना अनामिकेला काहीतरी लागलं.
दुखणं नव्हे, ऊनही नव्हे. काहीतरी.
सूत होतं.
करंगळीला अजून काही पत्ता नाही.
डॉक्टर म्हणतात, बघू. खोटं बोलत नाहीत, एवढं बरं.

काल माग बंद झाल्यावर रंगव्वा मागं रेंगाळली.
दार लोटलं. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, पोटरी फिरवली.
रुपयाएवढा, फिक्कट.
चुना लागला असेल की गं, म्हणाली,
पण धुऊन जाईना झालाय.

मी तिला खाली बसवलं.
डोळे मीट, म्हटलं, शिवलं की सांग.
सुताचं टोक ओलं करून पीळ दिला
आणि टेकवलं.

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली.
रंगव्वा डोळे मिटून बसलीय,
चेहरा वर करून,
आता शिवेल, मग शिवेल म्हणून.