दावा न केल्याबद्दल

ऐरोलीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यात
मढवींचं एक टेबल आहे.
त्यावर गणपती, कॅल्क्युलेटर
आणि माझ्या गाडीचे कागद,
मंगळवारी रात्री बारा वाजता संपणारे.

कंपनी बदलायची म्हटलं
तर नवी कंपनी जुनं विचारते,
स्थळ बघायला आल्यासारखी:
आधीचं काही?
गेल्या पाच वर्षांतले अपघात. दावे. तारीख. रक्कम.

पहिलं सोपं.
महापेजवळ डंपरमधून खडी उडाली.
समोरच्या काचेवर आधी तांदळाएवढा डाग,
घरी पोचेपर्यंत कोळ्याचं जाळं.
साडेसहा हजार. मिळाले. लिहिलं.

दुसरंही लपवण्यासारखं नाही.
आमच्याच सोसायटीचा बी विंगखालचा खांब.
तो जागचा हलला नव्हता,
त्यामुळे चूक कोणाची यावर वाद झाला नाही.
बंपर, डावा दिवा, अकरा हजार चारशे.
सर्व्हेअरने फोटो काढताना मला म्हटलं,
जरा बाजूला व्हा, नुकसान दिसत नाही.

त्यानंतर तीन वर्षं काही मागितलं नाही,
म्हणून पस्तीस टक्के सूट.
झाकली मूठ सवा लाखाची, म्हणतात.
माझी दोन हजार एकशे साठची निघाली.

"झालं ना?" मढवींनी विचारलं.

झालं नव्हतं.
रबाळे नाका, सकाळचे पावणेसात.
शाळेत पहिला तास माझा, नववी ब,
तपासलेल्या वह्या मागच्या सीटवर.
डावीकडे वळताना आरशात कोणी नव्हतं
आणि आरशाबाहेर एक सायकल होती.
कॅरिअरला अंड्यांचे सहा ट्रे, रबरी ट्यूबने आवळलेले.

तो उठला आणि आधी अंडी बघायला बसला.
शिवी दिली नाही. गुडघा झटकला नाही.
शाबूत असलेलं एकेक उचलून
शर्टाला पुसून ट्रेमध्ये ठेवत गेला,
ओठ हलत होते, आकडे मोजत.
मागच्या रिक्षाने हॉर्न धरून ठेवला होता.
मी काचेतूनच पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या.
त्याने मनात हिशेब केला,
एक नोट घेतली, एक परत दिली.
"एवढे नाही होत, काकू."
नोटेला बलक लागला होता.
ती मी पेट्रोलपंपावर खपवली.

"क्लेम केलाव का?" मढवी.
नाही.
"पोलीस?"
नाही.
"गारीला कय झाला?"
आरसा दुमडला. मी उघडला परत.
"मंग त्यो अपघात नाय. लिवू नका. कोन बघतंय?"

मढवी माणूस वाईट नाही.
त्यांना माझी सूट वाचवायची आहे.
पण खाली बारीक अक्षरात होतं:
दावा केला नसला तरी नमूद करावे.
तेवढं वाचायची सवय, पेपर तपासून लागलेली.

मी लिहिलं. रबाळे नाका. तारीख आठवत नाही, जानेवारी असावा.
रक्कम पाचशे.
ती मी दिलेली की त्याने मागितलेली, याला रकाना नव्हता.
त्यानेही कुठे दावा केला नाही.
त्याला किती टक्के, आणि कोणत्या वर्षी, आणि कुठल्या माळ्यावर जाऊन घ्यायचे?

पुढचा प्रश्न स्क्रीनवर आपोआप उघडला.
अन्य व्यक्तीस इजा: होय / नाही.

मढवींनी चष्मा कपाळावर चढवला.
खाली झेरॉक्सचं मशीन कोणाचं तरी आधार कार्ड ओढत होतं.

मी आठवायला लागले.
सिग्नल सुटला होता, रिक्षा पुढे गेली होती,
तो सायकल हाताने ढकलत घणसोलीच्या दिशेने निघाला,
उरलेले ट्रे कॅरिअरवर,
आणि दर दोन पावलांनी एका बाजूला कलत होता.

पुढचं चाक वाकलं होतं का?

मी आरशात बघितलं होतं.
नीट बघितलं असतं तर कळलं असतं,
लंगडत कोण होतं.